तीन विषय, एक ओपन इलेक्टिव्ह: बीएस्सीच्या एका प्रवेशाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण जुलै २०२४मधलं, पुण्यातल्या एका संलग्न महाविद्यालयातलं. विद्यार्थिनी सोलापूर जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी विज्ञान, गणित घेतलेलं. सीईटी दिली होती, पण मिळालेल्या पर्सेंटाइलवर परवडेल असं अभियांत्रिकी कॉलेज मिळत नव्हतं, म्हणून बीएस्सी. राहणार मामांकडे, हडपसरला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, निर्णय आणि त्यांची कारणं मात्र जशीच्या तशी आहेत. मी प्रवेश मार्गदर्शन कक्षात बसत होतो आणि एरवी संख्याशास्त्र शिकवतो. माझ्या मताला त्या बाजूचा कल आहे, हे वाचकानं आधीच धरून चालावं.

ती अर्ज पेन्सिलनं भरून आली होती. अर्जात आठ रकाने होते आणि आठही तिला सारख्याच वजनाचे वाटत होते. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आठ रकाने

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा नवा श्रेयांक (क्रेडिट) आराखडा महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३च्या शासन निर्णयानं आला. स्वायत्त महाविद्यालयांनी तो २०२३-२४पासून लागू केला, संलग्न महाविद्यालयांत तो २०२४-२५ला आला. म्हणजे ही मुलगी आमच्याकडच्या पहिल्याच तुकडीतली. तिला सल्ला द्यायला कुणी सीनियर नव्हते. जे होते ते जुन्या पॅटर्नचे. त्यांच्या वेळी एफवायला तीन-चार विषय घ्यायचे, टीवायला एकावर यायचं, आणि मधे आपण होऊन निवडायला फारसं काही नव्हतं.

नव्या रचनेत आमच्याकडे पहिल्या सत्राला २२ श्रेयांक आहेत. तीन मुख्य विषय प्रत्येकी ४ श्रेयांकांचे, त्यात २ थिअरीचे आणि २ प्रॅक्टिकलचे. उरलेले पाच अभ्यासक्रम प्रत्येकी २ श्रेयांकांचे: ओपन इलेक्टिव्ह (ओई, म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेतून निवडायचा अभ्यासक्रम), कौशल्याचा एसईसी, भाषेचा एईसी, भारतीय ज्ञानप्रणालीचा आयकेएस आणि मूल्यशिक्षणाचा व्हीईसी. थिअरीचा १ श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३० तास. गणित करून पाहिलं तर एका मुख्य विषयाला सत्रात ९० तास जातात, तिन्ही मिळून २७०. बाकी पाचांचे सगळे मिळून १५०, एसईसी प्रॅक्टिकल स्वरूपाचा असला तर १८०. पंधरा आठवड्यांत वाटलं की आठवड्याला २८ ते ३० तास होतात. हडपसरहून येण्याजाण्याचा वेळ वेगळा.

ओपन इलेक्टिव्हच्या वाट्याला यातले ३० तास. आणि कक्षाबाहेरच्या रांगेत चर्चा चालू होती ती फक्त या ३० तासांची: कोणता ओई सोपा, कोणत्यात मार्क पडतात, कुठे हजेरी कडक आहे. तिनंही सगळ्यात आधी तोच रकाना भरला होता, 'शेअर बाजाराची ओळख'. रांगेतल्या कुणीतरी 'स्कोअरिंग आहे' असं सांगितलं होतं. तीन मुख्य विषयांपुढे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित.

"पीसीएम का?"

"बारावीला तेच होतं ना, सर."

"केमिस्ट्री आवडते?"

"तशी नाही. पण सगळ्या तेच घेतायत."

शेजारी मामा बसले होते. त्यांची मागणी स्पष्ट होती. "सर, तिला पुढं बीएड करता आलं पाहिजे, आणि एमपीएससीचा रस्ता बंद व्हायला नको. त्या हिशेबानं काय ते सांगा."

तिघांतले दोन

दुसऱ्या वर्षी या तीन विषयांपैकी एक मेजर (पदवीचा प्रधान विषय) होतो, एक मायनर (दुय्यम विषय) होतो आणि तिसरा सुटतो. ही ओळ माहितीपत्रकात आहे, पण प्रवेशाच्या गडबडीत ती कुणी मनावर घेत नाही. तिचा अर्थ असा, की जुलैमध्ये विद्यार्थी तीन विषय निवडत नाही. पुढच्या पदवीच्या शक्य जोड्या निवडतो. म्हणून मी तिला विषयांबद्दल न विचारता जोड्यांबद्दल विचारलं. प्रत्येक गटातून दोन-दोन विषय उचलायचे आणि स्वतःला विचारायचं: हे दोनच उरले तर चालतील का? कोणताही मेजर, कोणताही मायनर.

पीसीएममध्ये भौतिक-गणित तिला चालत होतं. रसायन-गणित नको, रसायन-भौतिक तर मुळीच नको. म्हणजे तीन विषयांच्या गटात तिच्यापुरती जोडी एकच होती, आणि त्यातलं भौतिकशास्त्र बिनसलं तर हातात काही नाही. भौतिक-गणित-संख्याशास्त्र या गटात तिन्ही जोड्या तिला मान्य होत्या. निदान नाक मुरडलं नाही.

तिसरा एक गट तिनं स्वतःहून काढला: भौतिक-रसायन-भूशास्त्र. गावाकडे बोअरवेल कुठे घ्यायची हे नारळ हातात धरून सांगणारे लोक तिनं पाहिले होते, आणि दगडांचं, पाण्याचं शास्त्र शिकवणारा विषय कॉलेजात आहे हे तिला त्या दिवशीच कळत होतं. भूशास्त्र शाळेत स्वतंत्र विषय म्हणून भेटत नाही. भूगोलाच्या पुस्तकात खडकांचे प्रकार येतात आणि संपतात. तिचं कुतूहल खरं होतं. अडचण अशी, की त्या गटात गणित नव्हतं.

इथे दुसरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे: कोणता विषय मागाहून सुरू करता येत नाही? अर्थशास्त्राच्या एमएला अनेक विद्यापीठं कोणत्याही शाखेच्या पदवीधराला घेतात. गणिताच्या एमएस्सीला तसं होत नाही. पहिल्या सत्रातलं कलनशास्त्र आणि बीजगणित सुटलं की दुसऱ्या वर्षाचं वाचता येत नाही, दुसऱ्याचं सुटलं की तिसऱ्याचं. काही विषयांत पायऱ्या एकावर एक उभ्या असतात, काहींत दारं बाजूबाजूला असतात. पहिल्या प्रकारचा विषय आवडत असेल तर तो पहिल्याच वर्षी घ्यावा लागतो, आणि तिला गणित आवडत होतं. तेवढ्यावर भूशास्त्राचा गट बाजूला पडला. तिला ते रुचलं नाही, आणि मला वाटतं त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. त्याबद्दल शेवटी लिहितो.

मामांच्या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ होती. बीएडला अध्यापनाचा विषय पदवीच्या विषयांवरून ठरतो. मेजर किंवा मायनर गणित असेल तर गणित शिकवता येईल, विज्ञान शिकवण्याची वाट मात्र अरुंद होईल. एमपीएससीचं म्हणाल तर राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि तीत २५० गुणांचे दोन पेपर वैकल्पिक विषयाचे आहेत. त्या यादीत गणित आहे, संख्याशास्त्र आहे, भूशास्त्र आहे, मानसशास्त्रही आहे. पदवी त्याच विषयात हवी असं बंधन नाही. म्हणजे एमपीएससीसाठी म्हणून पहिल्या वर्षाचा गट बदलायचं कारण उरत नाही. मामांनी हे दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

अभ्यासक्रमाचं शेवटचं पान

संख्याशास्त्र म्हणजे सरासरी, मध्यक आणि बहुलक असा तिचा समज होता. हा समज सार्वत्रिक आहे आणि त्याला आमचेच अभ्यासक्रम कारणीभूत आहेत. बहुतेक प्राथमिक अभ्यासक्रमांचा पहिला घटक दहावीसारखा दिसतो: व्याख्या, व्याप्ती, महत्त्व, वर्गीकरण. त्यावरून विषय सोपा किंवा कंटाळवाणा ठरवला जातो. मी विद्यार्थ्यांना सांगतो, शेवटच्या घटकापासून उलटं वाचा. तिथे जे लिहिलं असेल ते सत्रअखेरीस तुम्हाला आलं पाहिजे. ते वाचून पोटात गोळा येतो की उत्सुकता वाटते, एवढं बघा. तिनं शेवटी संभाव्यता आणि वितरणं पाहिली, बारावीतलं द्विपद वितरण ओळखलं, आणि म्हणाली, "हे मला जमलं होतं."

मग तिला एसवायच्या एका मुलीकडे पाठवलं, जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, बघायला. माहितीपत्रक सगळ्याच विषयांना उज्ज्वल भवितव्य देतं. जर्नल खोटं बोलत नाही. संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये आकडेमोड आणि संगणकावरचं काम होतं. भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये आकृत्या, आलेख, निरीक्षणांचे तक्ते आणि दर पानावर दुरुस्तीच्या लाल खुणा. परत आल्यावर तिचं मत असं होतं, की भौतिकशास्त्र कळतंय, पण लिहायला जीव जाईल. गट तरीही तोच ठेवायचा ठरला: भौतिक, गणित, संख्याशास्त्र.

जाता जाता तिनं विचारलं, एका वर्षानं सोडलं तरी प्रमाणपत्र मिळतं ना? मिळतं. ४० ते ४४ श्रेयांक आणि वर ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम केला की प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. पण बाहेर पडायची सोय बघून आत यायचे विषय निवडू नयेत.

ओईची गोष्ट

ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. विज्ञानाच्या मुलीला कला किंवा वाणिज्यकडे जायला लागतं. आमच्या यादीत त्या सत्राला अर्थशास्त्राची मूलतत्त्वं, मानसशास्त्राची ओळख, शेअर बाजार, पर्यटन, चित्रपट रसग्रहण आणि भूगोल विभागाचा हवामान व शेतीवरचा एक अभ्यासक्रम होता.

तिनं शेवटचा मागितला. कार्यालयानं तो नाकारला. कारण असं, की भूगोल कला शाखेत असला तरी आमच्याकडे विज्ञान शाखेतही शिकवला जातो, तेव्हा तो विज्ञानाच्या विद्यार्थ्याला 'बाहेरचा' कसा? नियमाच्या शब्दांत कार्यालयाचं म्हणणं बसत होतं. वाद घालायला वेळ नव्हता, शनिवारी अर्ज बंद होणार होते. दुसरी पसंती अर्थशास्त्र, तर त्याचा तास तिच्या भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकल बॅचवर येत होता. वेळापत्रक ऑगस्टपर्यंत हलतच होतं, पण अर्ज भरताना जे फलकावर होतं त्यावरच ठरवायचं होतं. उरलं मानसशास्त्र आणि शेअर बाजार.

'ओळख' या नावाखाली दोन वेगवेगळ्या जातींचे अभ्यासक्रम चालतात. एक त्या विषयाची पहिली पायरी असतो. पुढे दुसरी येणार हे धरून तो बांधलेला असतो, म्हणून त्यात पद्धत शिकवतात. दुसरा पुढे कधीच न येणाऱ्यांसाठी बेतलेला असतो. त्यात माहिती असते, उपयोग असतो, आणि तो तिथेच संपतो. दुसरी जात हलकी असं मी म्हणत नाही. पण कोणती घेतोय हे माहीत असावं. शेअर बाजाराचा अभ्यासक्रम उघडच दुसऱ्या जातीचा होता: डीमॅट खातं, निर्देशांक, म्युच्युअल फंड. मी म्हटलं, हे तू बाहेरही शिकशील.

"कुठं, सर? आमच्या घरी कोण शिकवणार?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. ज्यांच्या घरी बापाचं ट्रेडिंग खातं आहे त्यांना ते ३० तास वाया गेल्यासारखे वाटतील. तिच्या घरी पैसा म्हणजे डाळिंबाचा हंगाम आणि सोसायटीचं कर्ज. तिचं म्हणणं निम्मं तरी बरोबर होतं.

शेवटी पारडं फिरलं ते भलत्याच कारणानं. मानसशास्त्राचा तास मराठीत होणार होता आणि पेपर मराठीत लिहिता येणार होता. तिचे तिन्ही मुख्य विषय इंग्रजीत. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती वर्गात एक प्रश्न न विचारता बसली होती, हे तिनं आपण होऊन सांगितलं. आठवड्यात दोन तास तरी असे असावेत जिथे हात वर करायची भीती नाही, हा तिचा हिशेब होता. निवडीचा हा निकष कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी तो कदाचित सगळ्यात व्यवहारी आहे.

इकडचं तिकडचं

तिचा अर्ज पाहून आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शेरा मारला, की दोन-दोन श्रेयांकांचं इकडचं तिकडचं चाखून मुलांच्या हाती काय लागणार? पाच सुटे अभ्यासक्रम म्हणजे पाच ठिकाणी परीक्षा, पाच ठिकाणी असाइनमेंट. हा आक्षेप वजनदार आहे. पण मला त्यावर कोलंबिया विद्यापीठातली एक यादी आठवते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात तिथे होते. त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन एकेक. एकूण ६०. हे शिक्षण पदव्युत्तर होतं, त्यामुळे एफवायच्या ओईशी सरळ तुलना नाही. खरे 'ओळख' वर्ग त्यांत भाषांचे दोनच. पण यादीचा आकार बघण्यासारखा आहे. जवळजवळ निम्मा भार एका विषयावर. उरलेला सारखा पसरलेला नाही. इतिहासाला भरपूर, राज्यशास्त्राला थोडा. आणि जातिसंस्थेवरचा त्यांचा गाजलेला निबंध मे १९१६मध्ये वाचला गेला तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये; म्हणजे ६०पैकी ४ अभ्यासक्रमांच्या विषयात.

आमच्या रचनेत २२पैकी १२ श्रेयांक मुख्य विषयांना आहेत, पण ते तीन विषयांत वाटलेले. उरलेल्या १०पैकी विद्यार्थ्याच्या मनाप्रमाणे फिरणारे फार थोडे. आयकेएस आणि व्हीईसी ठरलेलेच. म्हणजे सहकाऱ्यांचा राग 'इकडचं तिकडचं' यावर असला, तरी खरी उणीव अशी आहे, की इकडचं काय आणि तिकडचं किती हे ठरवायची मुभा मुलांना पुरेशी नाही. आम्ही दोघं या मुद्द्यावर अजून भांडतो.

पुढे काय झालं

पहिल्या सत्रात गणित आणि संख्याशास्त्र बरे गेले, भौतिकशास्त्र सगळ्यात खाली. मानसशास्त्रात गुण मध्यम, पण एक गोष्ट घडली. अभ्यासपद्धतीच्या घटकात नमुना निवड आणि नियंत्रित प्रयोग आले, त्याच आठवड्यात माझ्या तासाला नमुना निवड चालू होती. तिनं दोन्हीकडच्या व्याख्या वहीत शेजारी शेजारी लिहून आणल्या आणि विचारलं, त्यांच्याकडे यादृच्छिक नमुना म्हणतात पण वर्गातल्याच मुलांना प्रश्नावली देतात, ते कसं चालतं? एफवायला हा प्रश्न मला फारसा कुणी विचारत नाही.

दुसऱ्या सत्रात बॅच बदलल्यानं तिला अर्थशास्त्र मिळालं, आणि तिची निराशा झाली. वर्ग भरगच्च, नोट्स सांगून लिहून घ्यायच्या, मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढायच्या पण त्यांचा उतार मोजायचा नाही. गणिताच्या तासाला विकलन शिकत असताना मागणीची लवचिकता व्याख्येपुरतीच पाठ करायची, याचा तिला वैताग आला. प्राध्यापकांचा दोष म्हणता येत नाही; तो अभ्यासक्रम गणित नको असलेल्यांसाठीच बेतलेला होता. त्यांनीच तिला स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण पोर्टलवरचा गणित वापरणारा अभ्यासक्रम सुचवला.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून करता येतात. पण त्याचे श्रेयांक तुमच्या खात्यात यायचे तर तो अभ्यासक्रम विद्यापीठानं आणि महाविद्यालयानं आधी मान्य केलेला असावा लागतो. नोंदणी फुकट आहे, परीक्षेला शुल्क पडतं. म्हणून आधी परीक्षा विभागात विचारायचं, मग नोंदणी करायची. तिनं विचारलं, त्या सत्रासाठी मान्यता नव्हती. तिनं तरीही तो ऐकला, परीक्षा दिली नाही.

२०२५-२६ला मेजर संख्याशास्त्र, मायनर गणित. भौतिकशास्त्र सुटलं. दोन सत्रांचे १८० तास आणि लाल खुणांची ती जर्नलं गेली म्हणून मामा हळहळले. 'ज्ञान वाया जात नाही' हे वाक्य अशा वेळी फेकायची पद्धत आहे, मला ते पटत नाही. वेळ गेला तो गेलाच. पण तिसरा विषय हा विम्याचा हप्ता असतो. संख्याशास्त्र तिला पेललं नसतं, तर भौतिक-गणित ही चालणारी जोडी हाताशी होती. पीसीएम घेतलं असतं, तर हप्ता भरूनही विमा मिळाला नसता. पुढे एमएस्सीच्या प्रवेशासाठीच्या आयआयटी जॅम परीक्षेचा गणितीय संख्याशास्त्राचा पेपर द्यायचं तिच्या मनात आहे. त्यात गणित आणि संख्याशास्त्र दोन्ही लागतात, तेव्हा जोडी कामाची आहे.

भूशास्त्राचा प्रश्न मात्र सुटला नाही, आणि तो सुटण्यासारखा नाहीच. विज्ञानाच्या विद्यार्थिनीला ओईमध्ये मानसशास्त्र घेता येतं, पर्यटन घेता येतं, चित्रपट घेता येतो. भूशास्त्र घेता येत नाही, कारण ते तिच्याच विद्याशाखेत आहे. नियम दोन विषयांमधलं अंतर विद्याशाखेवरून मोजतो. पण संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीला अर्थशास्त्र जितकं जवळचं आहे तितकं भूशास्त्र नाही. शाळेत ज्याचं नावही ऐकलं नाही असा विषय एकदा तरी बघता यावा, हा ओईचा हेतू असेल, तर भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांच्यासारखे विषय विज्ञानाच्याच मुलांना ३० तासांसाठी खुले व्हायला हवेत. हे मी अभ्यास मंडळाच्या बैठकीत मांडलं आहे. तिथे उत्तर मिळालं, की शासन निर्णयातच 'बाहेरची विद्याशाखा' असं असल्यानं हे मंडळाच्या हातात नाही. ते खरंच आहे.

महाविद्यालयाच्या हातात जे होतं ते २०२५च्या प्रवेशाला केलं गेलं. ओईचे तास कोणत्या प्रॅक्टिकल बॅचवर येतात याचा तक्ता अर्ज सुरू व्हायच्या आधी फलकावर लागला, आणि प्रत्येक ओईसमोर एक रकाना वाढला: पुढच्या सत्रात याचा दुसरा भाग आहे की नाही. अध्यापनाची भाषाही लिहावी असा आग्रह मी धरला होता; ती पेनानं शेवटच्या दिवशी लिहिली गेली. तक्ता लागायच्या आदल्या रात्री एफवायच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीनियरांची 'स्कोअरिंग ओई' यादी येऊन पडली होती, आणि शेअर बाजाराची दुसरी तुकडी काढावी लागली.